करंगळी बधिर होते म्हणून हँडल बदलायचं का?

प्रश्न असा आहे: सरळ हँडलची हायब्रिड सायकल, रोज तास-दीड तास चालवणं, सुट्टीला त्याहून जास्त. अर्ध्या तासानंतर करंगळी आणि अनामिका बधिर होतात, मनगट ठणकतं, अधूनमधून मानही आखडते. एक मित्र म्हणतो रेसिंग सायकलसारखं, टोकं खाली वळलेलं ड्रॉप हँडल लाव, दुसरा म्हणतो पाठ ताठ राहील असं मागे वळलेलं घे. कोणाचं ऐकायचं?

आधी थेट उत्तर देतो. या सायकलला ड्रॉप हँडल लावू नका. पूर्ण मागे वळलेलंही एवढ्यात नको. आधी सीट नीट करा, मग ब्रेकचे लिव्हर. तरीही त्रास उरला तर 15 ते 30 अंश मागे वळलेलं, थोडं उंच हँडल घ्या. ज्याची सायकल त्याच्या अंगाला बसवून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. हँडल बदलायचं म्हणून आलेले कितीतरी जण जुनंच हँडल घेऊन खुशीत परत जातात, कारण तळहातावर नको इतकं वजन टाकणारी गडबड सीटमध्ये सापडते.

सीटचं टोक खाली झुकलेलं असेल तर अंग सतत पुढे घसरतं आणि ते थोपवण्याचं काम हातांवर येतं. बऱ्याच जणांनी ते मुद्दाम झुकवलेलं असतं, पुढच्या बाजूला टोचतं म्हणून. टोचणं थांबतं, पण तळहात दुखू लागतात, आणि या दोन गोष्टींचा संबंध कुणी जोडत नाही. सपाट जमिनीवर सायकल उभी करा, सीटवर टोकापासून मागच्या काठापर्यंत एक पट्टी ठेवा आणि तिच्यावर लेव्हल बघा. मोबाइलमधलं लेव्हलचं ॲपही चालतं. सुरुवात सपाट सीटपासून करावी. एखाद-दोन अंशांचा उतार चालेल, पाच अंशांचा नाही. सपाट सीट टोचत असेल तर सीट बदला, पण टोचतं म्हणून हातांना शिक्षा करू नका.

दुसरी गोष्ट सीट पुढे-मागे असण्याची. उभ्या उभ्या कंबरेतून पुढे वाकून बघा, कंबर आपोआप मागे जाते. ती जाऊ दिली नाही तर तोल पुढे जातो. सायकलवरही हेच घडतं. पुढे वाकून चालवायचं असेल तर बूड पेडलच्या तेवढं मागे हवं, नाहीतर उरलेलं वजन हातांनी पेलावं लागतं. रिकाम्या, सपाट रस्त्यावर नेहमीच्या जोराने पेडल मारत असताना तळहात हँडलवरून किंचित हलके करून बघा. हात सोडायचे नाहीत, फक्त भार काढायचा. अंग लगेच पुढे कोसळू लागलं तर सीट 5 मिलिमीटर मागे सरकवा. सीट मागे नेली की पेडलपासूनचं अंतर वाढतं, म्हणून ती किंचित खालीही आणावी लागते. पुन्हा बघा. एका वेळी यापेक्षा जास्त सरकवू नका, आणि गुडघा कुरकुरू लागला तर तिथेच थांबा. सीट फार उंच असेल तर पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डोलते, तेव्हाही माणूस हँडलवर रेलतो. तेही एकदा कुणाला तरी मागून बघायला सांगा.

आता बोटांकडे. नेमकी कोणती बोटं बधिर होतात, हे मी सगळ्यात आधी विचारतो. करंगळी आणि तिच्या शेजारची अर्धी अनामिका असेल तर दाब अल्नर नसेवर येतोय. ही नस मनगटाजवळ, तळहाताच्या करंगळीकडच्या गादीखालून, गियॉनची नळी म्हणतात त्या अरुंद जागेतून जाते. हँडलचा दाब नेमका त्याच जागी पडतो. सायकलवाल्यांमध्ये हा त्रास इतका ओळखीचा आहे की वैद्यकीय पुस्तकांत तो सायकलस्वारांच्याच नावाने सापडतो. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट मुंग्यांनी भरत असतील तर प्रकरण मीडियन नसेचं आहे. ती मनगटाच्या मधोमध कार्पल टनेलमधून जाते आणि मनगट मागे मुडपून धरलं की तिची जागा आवळते.

दोन्हीचे उपाय वेगळे आहेत. अल्नर नसेला दाब पसरवून हवा असतो, म्हणजे वजन कमी, पकड रुंद आणि हात ठेवायला आणखी एखादी जागा. मीडियन नसेला मनगट सरळ हवं असतं, म्हणजे ब्रेकच्या लिव्हरचा कोन आणि हँडलची उंची. सरळ हँडलवर दोन्ही त्रास एकत्र होऊ शकतात, पण तुमच्या वर्णनावरून तुमचा मुख्य त्रास पहिल्या जातीचा दिसतो. सायकलवरून उतरल्यावर तासाभरात बोटं पूर्ववत होत असतील तर सायकलवर काम करा. रात्रीही मुंग्या येत असतील, बटण लावणं अवघड जात असेल किंवा पकडीची ताकद कमी वाटत असेल, तर हँडल राहू द्या आणि आधी डॉक्टरांना दाखवा.

लिव्हरचं काम पाच मिनिटांचं आहे. सीटवर बसा, हात हँडलवर ठेवा, कोपरं किंचित सैल सोडा. बोटं सरळ केली की ती लिव्हरवर पडायला हवीत आणि कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत एक सरळ रेष दिसायला हवी. नव्या सायकलींचे लिव्हर पुष्कळदा जवळजवळ आडवे बसवलेले असतात. मग ब्रेक धरताना मनगट मागे मुडपतं. स्क्रू सैल करून ते खाली फिरवा. हात लहान असेल तर लिव्हरवरच एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. हा स्क्रू वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेला सापडतो.

इतकं करून आठवडाभर चालवा. त्यानंतरही दुखत असेल तर मग हँडलचा विचार करायचा, आणि तो मनगटाच्या कोनापासून सुरू करायचा.

दोन पेन्सिली घ्या. दोन्ही मुठींत एकेक धरा, डोळे मिटा आणि हँडल धरल्यासारखे हात समोर करा, कोपरं नेहमी असतात तशी खाली सैल. डोळे उघडा. पेन्सिली एका सरळ रेषेत नसतील. दोघींची बाहेरची टोकं तुमच्याकडे वळलेली असतील आणि थोडी खालीही झुकलेली असतील. तुमच्या हाताला हवा असलेला बाक तो हाच. साधं सरळ हँडल मात्र जेमतेम 5 ते 9 अंश मागे वळलेलं असतं. त्यावर मूठ बसवायची तर करंगळीची बाजू पुढे ढकलली जाते, मनगट अंगठ्याकडे मुरडतं आणि वजन तळहाताच्या बाहेरच्या गादीवर पडतं, म्हणजे नेमकं त्या नसेवर.

मग इतक्या सायकलींना असं हँडल का? कारण हा आकार डोंगरातल्या सायकलींकडून आला आहे. खडकाळ उतारावर स्वार सीटवरून उठलेला असतो, छाती खाली आणि कोपरं बाहेर काढलेली. कोपरं बाहेर काढून पुन्हा पेन्सिली धरून बघा, त्या बऱ्याच सरळ होतात. त्या माणसाला ते हँडल अगदी बरोबर आहे. शहरातला स्वार कोपरं खाली सोडून, सीटवर बसून चालवतो, आणि हँडल मात्र त्याला दुसऱ्याच कामाचं मिळालेलं असतं. रुंदीचंही तसंच. डोंगरी सायकलींची हँडलं 720 ते 800 मिलिमीटर रुंद असतात, उड्या मारताना आणि दगडांवरून जाताना तेवढा ताबा लागतो. रोजच्या रस्त्यावर बहुतेकांना 580 ते 660 पुरतात. हात जितके फाकतील तितका मनगटाचा मुरडा वाढतो आणि खांदेही दुखतात. हँडल कापता येतं, पण कापण्याआधी ग्रिप, लिव्हर आणि शिफ्टर (गियर बदलायची कळ) सगळं आत सरकवून आठवडाभर चालवून बघा. कापलेलं परत जोडता येत नाही.

बाजारात ‘रायझर’ म्हणून जे मिळतं त्याची मधली पट्टी खाली आणि टोकं 20-40 मिलिमीटर वर असतात. मान आखडत असेल तर ते उपयोगी, पण मनगटाचा कोन त्याने फारसा बदलत नाही. उंची आणि बाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात दोन्हीला मिळून ‘आरामदायक हँडल’ म्हणतात आणि गिऱ्हाईक गोंधळतं.

तुमच्यासाठी मी मधल्या बाकाचं हँडल सुचवतो ते यामुळेच. 15 ते 30 अंशांत मनगट सैल होतं, हात थोडेसेच मागे येतात, त्यामुळे सायकलची लांबी बिघडत नाही, आणि सध्याचे ब्रेक-गियर आहेत तसेच बसतात. याहून पुढे 45 अंशांची हँडलं आहेत. त्यांत जोन्स कंपनीचं, पुढे बंद कडं असलेलं हँडल लांबच्या प्रवासवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे. त्यावर हात ठेवायला भरपूर जागा असते आणि पुढच्या कड्यावर सामानाची छोटी पिशवीही बांधता येते. पण ते रुंद आहे, जड आहे आणि दारातून, गर्दीतून नेताना अडतं. रोज सायकल उचलून जिना चढणाऱ्याला मी ते देणार नाही.

पूर्ण मागे वळलेलं, जुन्या पद्धतीचं नॉर्थ रोड जातीचं हँडल अनेकांच्या मनात आरामाचं शेवटचं टोक असतं. मुठी जवळजवळ समांतर, पाठ ताठ, मान मोकळी, हातांवर वजन नावालाच. अर्ध्या तासाच्या फेरीसाठी याहून चांगलं काही नाही, हे मीही म्हणेन. पण हातांवरचं वजन नाहीसं होत नाही, ते बुडावर जातं. ताठ बसल्यावर खड्ड्याचा दणका थेट कण्यातून वर चढतो; पुढे थोडं वाकलेलं अंग तो कंबर आणि कोपरांत जिरवतं. म्हणून ताठ बैठकीला रुंद सीट आणि जाड टायर लागतात. समोरून वारा असेल तर छाती शिडासारखी उभी राहते आणि दमछाक होते. शिवाय सरळ हँडलसाठी बनवलेल्या फ्रेमवर हे हँडल बसवलं की मुठी फार जवळ येतात. वळताना हँडलची टोकं गुडघ्यांना लागतात आणि चढावर उभं राहून पेडल मारता येत नाही. लांब स्टेम (हँडलला सायकलशी जोडणारा दांडा) घालून थोडी भरपाई होते, पूर्ण नाही. तास-दीड तास चालवणाऱ्याला मी हे पहिल्या फटक्यात सुचवत नाही. पाठीचा किंवा मानेचा जुना आजार असेल तर गोष्ट वेगळी, तिथे हेच बहुतेकदा बरं पडतं.

ड्रॉप हँडलबद्दल गैरसमज जास्त आहेत. लोकांना वाटतं ते वाकून शर्यत लावणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे दुखणारच. खरं तर बरेच स्वार बहुतेक वेळ खालच्या वळणात हात नेतच नाहीत, ब्रेकच्या रबरी डोक्यांवर ठेवतात. तिथे तळवे एकमेकांसमोर असतात, हस्तांदोलन करताना असतात तसे. मनगटासाठी ही फार सुखाची ठेवण आहे. वरची आडवी पट्टी, ही डोकी आणि खालचं वळण अशा तीन जागा बदलत राहता येतात, म्हणून दिवसभर सायकल चालवणारे याच हँडलकडे वळतात. अट एकच, ते पुरेसं उंच हवं. सीटच्या बरोबरीने किंवा थोडं वर ठेवलेलं, खांद्यांच्या हाडांइतकं रुंद, आणि खालचं वळण 120-130 मिलिमीटरच खोल असलेलं ड्रॉप हँडल साठ वर्षांच्या माणसालाही झेपतं. खालची टोकं बाहेर फाकलेली असतील तर कच्च्या रस्त्यावर ताबा आणखी बरा राहतो.

मग तुम्हाला नको का म्हणतो? कारण तुमची सायकल त्यासाठी बनलेली नाही. सरळ हँडलच्या फ्रेममध्ये वरची नळी सहसा लांब ठेवलेली असते, कारण हात हँडलच्या रेषेतच राहणार असतात. ड्रॉप हँडल आलं की तेच हात 70-80 मिलिमीटर पुढे, आणि ब्रेकच्या डोक्यांमुळे आणखी पुढे जातात. म्हणजे आत्ताच हातांवर वजन असलेल्या माणसाला तुम्ही आणखी ताणता. आखूड स्टेमने सगळी भरपाई होत नाही. त्यात खर्चाची साखळी सुरू होते. सरळ हँडलची ग्रिपची जागा 22.2 मिलिमीटर जाडीची असते, ड्रॉपची 23.8, त्यामुळे सध्याचे लिव्हर आणि शिफ्टर त्यावर बसणार नाहीत. व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे लांब हातांचे ब्रेक) असतील तर ड्रॉपचे नेहमीचे लिव्हर त्यांना पुरेशी केबल ओढत नाहीत, व्ही-ब्रेकला साधारण दुप्पट ओढ लागते. लिव्हर दाबला आणि सायकल थांबलीच नाही, अशी सायकल रस्त्यावर नेऊ नये. मग छोटे व्ही-ब्रेक घ्या, नाहीतर खास लिव्हर शोधा. केबलवर चालणाऱ्या डिस्क ब्रेकमध्येही दोन ओढीचे प्रकार असतात. एवढं सगळं करण्यापेक्षा मूळची ड्रॉप हँडलची सायकल घेतलेली बरी.

बाकीचे प्रकार झटपट. फुलपाखराच्या आकाराचं ट्रेकिंग हँडल दिसायला विचित्र, पण हात ठेवायला जागा भरपूर आणि सरळ हँडलचेच लिव्हर त्यावर बसतात. उभं राहून जोर लावला की ते जरा लवतं. मिशीच्या आकाराचं हँडल ब्रिजस्टोनने 1990च्या दशकाच्या सुरुवातीला एक्सओ-1 या सायकलवर दिलं आणि तेव्हापासून त्याचे थोडे पण कट्टर चाहते आहेत. माझ्या मते ते ड्रॉपइतकंच ताणतं आणि जागा मात्र कमी देतं. बैलाच्या शिंगासारखं हँडल शहरात छान दिसतं, एवढंच म्हणतो. कोपरं टेकवायचे एरो बार वेगासाठी आहेत. 1989च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशीच्या 24.5 किलोमीटरच्या टाइम ट्रायलला (एकट्याने घड्याळाविरुद्ध धावायच्या टप्प्याला) ग्रेग लेमाँडने ते लावले आणि लोराँ फिन्योंला अवघ्या 8 सेकंदांनी मागे टाकून स्पर्धा जिंकली, तेव्हापासून सगळ्यांना ते हवेसे वाटतात. हजार-बाराशे किलोमीटरच्या सायकलफेऱ्यांत काही जण तळहातांना सुट्टी देण्यासाठी ते लावतात, तो उपयोग खरा आहे. पण तिथून ब्रेक हाताशी नसतो, म्हणून रहदारीत ते नकोतच.

हँडल न बदलता एक स्वस्त मधला मार्ग आहे. सरळ हँडलच्या टोकांना बसणारी छोटी शिंगं आणि तळहाताला पंख्यासारखा आधार देणाऱ्या ग्रिप. पंख असलेल्या ग्रिप करंगळीकडच्या गादीखालचा दाब पसरवतात. तुमच्या तक्रारीवर त्या नेमक्या लागू पडतात. पण पंखाचा कोन नीट बसवा. पंख फार वर आला तर मनगट मुडपतं, फार खाली गेला तर आधारच मिळत नाही. शिंगांमुळे हाताला हस्तांदोलनाची ठेवण मिळते आणि चढावर जोर लावता येतो. मला शिंगं टोकांना नाही, ग्रिपच्या आतल्या बाजूला लावलेली जास्त आवडतात; हात अरुंद राहतात आणि गर्दीत कशात अडकत नाहीत.

जाड जेलच्या ग्रिप आणि जाड जेलचे हातमोजे यांच्यावर माझा फारसा विश्वास नाही. पहिले दहा मिनिटं मऊ वाटतात, मग जेल दाबाच्या जागेवरून बाजूला सरकतं आणि नस पुन्हा तिथेच अडकते. लहान हाताला जाड ग्रिप धरायला मूठ जास्त आवळावी लागते आणि हात आणखी थकतो. कार्बनच्या हँडलने हादरे कमी होतात म्हणतात, होतही असतील, पण टायरमधली हवा थोडी कमी केली किंवा एक माप जाड टायर घातला तर त्याहून कितीतरी जास्त फरक पडतो.

हँडल विकत घेण्याआधी जुन्याची जाडी कॅलिपरने (जाडी मोजायच्या साधनाने) मोजा किंवा निदान त्यावर छापलेला आकडा बघा. मध्यभागी, जिथे स्टेम पकडतो, तिथली जाडी 25.4, 26.0, 31.8 किंवा 35 मिलिमीटर असते. 25.4 आणि 26.0 यांत फरक केसाएवढा, पण एकमेकांत बसवण्याची घाई करू नका. बोल्ट कितीही आवळला तरी हँडल एखाद्या खड्ड्यात फिरेल. उंच हँडलला केबल पुरते का हेही आधी बघा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल ताणली जात नाही याची खात्री करा, कारण ताणलेली केबल वळणावर आपोआप ब्रेक लावते.

नुसती उंची वाढवायची असेल तर हँडलऐवजी स्टेम बदला. जुन्या धाटणीचा, फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) नळीत खाली जाणारा स्टेम वर खेचता येतो, पण त्यावर कोरलेली किमान खोलीची खूण दिसू लागली की थांबायचं. नव्या धाटणीत स्टेम उलटा केला की टोक वर जातं. मूळचा स्टेम खालच्या बाजूला झुकलेला असेल तर एवढ्यानेच दोन-तीन सेंटिमीटर मिळतात. फोर्कची नळी कापलेली असेल तर स्टेम वर न्यायला त्याखाली आणखी कड्या घालायला जागा नसते, तिथे कोनाचा उंच स्टेम लागतो. हँडल वर आलं की थोडं मागेही येतं. तुम्हाला ते हवंच आहे, पण फार जवळ आलं तर खांदे वर चढतात आणि मान पुन्हा आखडते.

नवं हँडल बसवल्यावर बोल्टवर किंवा स्टेमवर छापलेल्या न्यूटन-मीटरइतकंच (हे आवळण्याच्या जोराचं माप) आवळा. पुढच्या झाकणाचे बोल्ट सहसा 5 न्यूटन-मीटरच्या आसपास असतात, आणि चारही बोल्ट आळीपाळीने, एका कोपऱ्यातून तिरक्या समोरच्या कोपऱ्यात जात, थोडे थोडे आवळायचे. कोनावर छोटी चिकटपट्टी लावून खूण करा, मग दर फेरीनंतर हँडल दोन-तीन अंश वर-खाली फिरवून बघा. मागे वळलेल्या हँडलचं सुख कोनावर फार अवलंबून असतं. मुठीची मागची टोकं किंचित खाली असली की बहुतेकांना बरं वाटतं. त्या काळात सीट, ग्रिप, टायर काहीही बदलू नका, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळणार नाही.

नळीची उघडी टोकं बुचांनी बंद करा. पडताना पोटात उघडी नळी घुसण्याचे अपघात खरोखर होतात. आणि जुनं हँडल पडून वाकलेलं असेल, ॲल्युमिनियमचं असेल, तर ते सरळ करून कुणाला देऊ नका. ते पुन्हा वाकणार नाही, सरळ तुटेल.